लाल दोऱ्याचं सीताफळ

साडूचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. माणूस वाईट नाही, हीच खरी अडचण आहे. वाईट असता तर मनातल्या मनात चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. पण हा हसतमुख, देण्याघेण्याला मोकळा, आल्या-गेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाही. माझी बायको थोरली, त्याची बायको तिची धाकटी बहीण. त्यामुळे नात्यानं मी मोठा. मोठेपणाचा माझा वाटा तेवढ्यावरच संपतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी त्यानं मोबाईलवर एक फोटो पाठवला. तळहातावर ठेवलेलं फळ. होतं सीताफळासारखं, पण अंगावरचे डोळे सपाट झालेले आणि सालीवर गुलाबी झाक. खाली लिहिलेलं, ‘पावनं, नवीन जात. आपल्या हाताची. खायला या.’

मी चहा पीत होतो. तो तसाच गार झाला. ‘आपल्या हाताची’ हे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले आणि प्रत्येक वेळी अंगाचा तिळपापड झाला. कारण असं फळ आपल्या हातून व्हावं, ही एकच इच्छा घेऊन मी निवृत्त झालो होतो.

मी फौजेत होतो. दक्षिणेकडच्या एका छावणीत एका साहेबांच्या बंगल्यात फळझाडांचा बगीचा होता. दोन जातींच्या झाडांचं लग्न माणसाला लावता येतं आणि त्यातून तिसरंच फळ जन्माला येतं, हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. तेव्हाच ठरवलं की पेन्शन आल्यावर आपण हेच करायचं. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला घर बांधलं, तेव्हा स्वयंपाकघर केवढं असावं यावर बायकोशी भांडण झालं ते झाडांच्या जागेपायीच. एका कोपऱ्यात सीताफळ लावलं, समोरच्या कोपऱ्यात रामफळ.

सीताफळाचं फूल मोठं गमतीचं. एकाच फुलात बाई आणि बाप्या दोघंही राहतात, पण त्यांची वेळ जुळत नाही. फूल जरासं उघडतं तेव्हा बाई जागी असते. बाप्याला जाग येते तोवर बाईनं दार लावून घेतलेलं असतं. आपण मध्यस्थी करायची ती याच फटीत. आदल्या संध्याकाळी रामफळाच्या पिकलेल्या फुलातले पराग काडेपेटीत झाडून ठेवायचे. सकाळी उजाडलं की सीताफळाची अर्धवट उघडलेली फुलं शोधायची, जाड पाकळ्या बोटांनी हलकेच फाकवायच्या आणि रंगकामाच्या बारक्या ब्रशानं ते पराग आत फिरवायचे. मग ओळख राहावी म्हणून देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा बायकोच्या शिवणाच्या डब्यातला.

मला पाहिजे होता सीताफळाचा गोडवा आणि रामफळाचा रवाळ गर, बिया कमी. पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती. राम-सीतेचं लग्न कधीच लागलंय, तुम्ही परत कशाला लावताय, असं म्हणून गल्लीनं माझी रेवडी उडवली असती. म्हणून बायकोलाही सांगितलं नाही. तिला वाटायचं मी फुलांवरची कीड झाडतो. फौजेत राहिलेल्या माणसाला गुप्तता फार आवडते. त्या गुप्ततेनंच माझा घात केला, पण ते पुढं कळलं.

बहुतेक फुलं गळून जायची. सुपारीएवढं फळ धरायचं आणि काळं पडून खाली यायचं. अशी कितीतरी वर्षं गेली. मग एका वर्षी दोऱ्याचं एकच फळ टिकलं. पावसाळाभर ते वाढलं. मी रोज सकाळी जाऊन बघायचो. पिशवी बांधली नाही, कारण पिशवी बांधणं म्हणजे किल्ल्यावरच्या वानरांना घरचा पत्ता देणं. नवरात्रात त्याच्या डोळ्यांच्या फटी पिवळट दिसायला लागल्या. आणखी चार-सहा दिवसांत उतरवणार होतो. तेवढ्यात फलटणला एका जुन्या सोबत्याच्या घरी जाणं निघालं. परत आलो तर फळ नाही. दोराही नाही.

मी वानरांना मनसोक्त शिव्या दिल्या. बाजारातून गलोल आणली. बायको म्हणाली, ‘‘आवं, एका सीताफळापायी काय येड लागलंय काय?’’ कुठलं फळ गेलं ते मी तिला सांगितलं नाही. काय सांगणार? त्या रात्री जेवलो नाही एवढं खरं.

त्याच वर्षी साडू कायमचा विट्याला परतला. तिकडच्या बऱ्याच घरांसारखं त्याचंही गलाईचं दुकान होतं, लांब दक्षिणेत. सोनं गाळायचं, राखेतून कण वेचायचा, असा जन्म गेलेला. मुलं धंद्यात उतरली नाहीत, दुकान मोडून तो बंगला बांधून बसला. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला तो माझ्याकडं राहायला आला आणि सकाळी ब्रश घेऊन मी झाडाखाली उभा असताना मागं येऊन थांबला. आता गंमत बघा, जे मी बायकोला सांगितलं नव्हतं ते त्याला सगळं सांगितलं. फुलाची वेळ, काडेपेटी, दोरा. साडूपुढं मिरवायची हौस, दुसरं काय?

‘‘लय भारी हो पावनं,’’ तो म्हणाला आणि माझ्या हातातला ब्रश घेतला. सोन्याचा कण उचलणारा हात तो. त्यानं पाकळ्या फाकवल्या त्या जागच्या हलल्याही नाहीत. मला तेव्हाच राग आला होता.

विट्याला जाऊन त्यानं तेच सुरू केलं. सीताफळाची मोठी झाडं परड्यात आधीपासून होती. बाप्या म्हणून त्यानं हनुमानफळ निवडलं, ते झाड एका नर्सरीतून फुलांसकट कुंडीत आणलं. पहिल्याच वर्षी त्याची ओंजळभर फुलं धरली. माझी कितीतरी वर्षं पाण्यात गेली होती, आणि ह्याची पहिल्याच झटक्याला ओंजळभर. मग बिया पिशव्यांत लावल्या, रोपं ओळीनं उभी केली, प्रत्येक पान फुटलं की मला फोन. मी ‘‘वा वा’’ म्हणायचो आणि फोन ठेवून झाडाखाली येरझाऱ्या घालायचो. त्याची रोपं मरावीत असं मनात यायचं का? यायचं. रोज यायचं.

अशी चार वर्षं गेली, आणि आता हा फोटो.

दिवाळीला आम्ही विट्याला गेलो. गलाईवाले देशभरातून गावी आलेले, साडूच्या अंगणात खुर्च्या कमी पडल्या होत्या. मध्ये टेबल, टेबलावर परातीत ती फळं. मी झाड बघून आलो. पिशवीतून जमिनीत लावलेल्या रोपांच्या ओळीत अगदी कडेचं ते झाड होतं. बाकीच्या झाडांना तोंडात घालण्यासारखं काही आलं नव्हतं. ह्या एकालाच आलं होतं.

साडूनं सुरी घेतली, फळ कापलं आणि पहिली फोड माझ्यापुढं धरली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘पयली फोड ह्यास्नी. मी ह्यांचंच बघून शिकलो. ह्यांच्याम्होरं आपुन शिकाऊ.’’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फोड तोंडात घातली. त्यानं लबाडी करून सगळं श्रेय घेतलं असतं तर मला निदान रागवायला जागा राहिली असती. तीही त्यानं ठेवली नाही.

‘‘कसं हाय?’’

‘‘बिया जरा जास्तच हायत,’’ मी म्हणालो. माझ्या फोडीत एकच बी होती. ती मी मुठीत लपवली.

खरं सांगायचं तर असं फळ मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. गोड होतंच, पण जिभेवर तो गर रवाळ लागत होता, आणि मी चावायचा थांबलो. हनुमानफळ मी खाल्लेलं आहे, त्याचा गर लोण्यासारखा मऊ असतो. हा रवा रामफळाचा होता. साडूच्या परड्यात रामफळ नाही. मग रामफळ आलं कुठनं?

पाणी प्यायच्या निमित्तानं मी आत गेलो. मेव्हणी एकटीच गॅसपाशी अनारसे तळत होती. मी विचारलं, ‘‘काय गं, ह्यात रामफळ घातलं हुतं का त्यांनी?’’

‘‘आमच्या अख्ख्या आळीत रामफळ न्हाई, दाजी.’’

मग तिनं गॅस बारीक केला, दाराकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, ‘‘तुमास्नी म्हणून सांगती. त्ये झाड त्यांच्या बियांचं न्हाईच. आक्कानं माझी वटी भरली हुती न्हवं, त्या फळाचं हाय.’’

‘‘कुठल्या फळाचं?’’

‘‘लाल दोऱ्याच्या. नवरात्रात आलते मी, तुमी फलटणला गेलावता बगा.’’

मी पाण्याचं भांडं तसंच ओट्यावर ठेवलं. मेव्हणी सांगत होती. ओटीतलं कुणी टाकत नाही, कुणा परक्याला देत नाही. म्हणून फळ दोघांनी घरात खाल्लं आणि बिया उकिरड्यावर टाकवेनात, तशा तिनं एका डबीत घालून देव्हाऱ्यामागं ठेवल्या. पुढं नवऱ्यानं पिशव्या भरल्या, तेव्हा ओळीतल्या कडेच्या पिशवीत काहीच नव्हतं. तिला डबी आठवली. तिनं बिया त्यात टाकल्या, एक उगवली.

‘‘मग त्यास्नी सांगितलं का न्हाईस?’’

‘‘कवा सांगू? दुकान मोडून आल्यापासनं ह्ये माणूस भिताडाकडं बघत बसायचं, दाजी. ह्या झाडाला फळ लागलं आन् हसाय लागलं. आता कसं सांगू, तुमचं न्हाई म्हणून?’’ तिनं झाऱ्यावरचा अनारसा निथळला. ‘‘मी हून सांगायची न्हाई. पर कुणी समूर इचारलं तर खोटं बी बोलायची न्हाई. तुमचं तुमी बगा.’’

बाहेर अंगणात साडूचं हसू ऐकू येत होतं. तो कुणाला तरी हनुमानफळाचे पराग कसे घेतले ते सांगत होता. माझ्या फळाची, माझ्या एका पहाटेची, माझ्या ब्रशाची गोष्ट तो स्वतःची म्हणून सांगत होता आणि लोक माना डोलवत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं. अंगणाच्या पायरीपर्यंत गेलोही.

मोठेपणा दाखवून मी गप्प बसलो असं कुणी समजू नये. मला तोंड उघडताच आलं नाही, कारण ते फळ ओटीतलं होतं. चोरलं असतं तर मागता आलं असतं, विकलं असतं तर भांडता आलं असतं. बहिणीनं बहिणीच्या ओटीत घातलेलं फळ माझं होतं असं म्हणायचं कुठल्या तोंडानं? साताऱ्याचा साडू बायकोनं भरलेली ओटी परत मागतो, अशी दिवाळीभर विट्यात चर्चा झाली असती, आणि त्या सगळ्या गलाईवाल्यांनी ती जाताना आपापल्या शहरात नेली असती.

परतीच्या वाटेवर, मायणीच्या पुढं, मी बायकोला विचारलं.

‘‘व्हय, घातलं की,’’ ती म्हणाली. ‘‘नारळ समदे देवीम्होरं गेलते. गाडीची येळ झाल्याली. रिकाम्या वटीनं लावून देऊ व्हय भनीला? झाडाखाली गेले तर एका फळाला लाल दोरा. मला वाटलं तुमी देवीच्या नावानं राखलंय. म्हटलं, देवीचं सवाशिणीला गेलं, काय बिघडलं?’’

‘‘काय न्हाई,’’ मी म्हणालो. साताऱ्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिला वाटलं मला अनारसे बाधले.

थंडी सरली तेव्हा साडूनं न मागता त्या झाडाच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीनं पाठवल्या. ‘पावनं, कलम करा, तुमच्याकडंबी असू द्या.’ माझंच झाड मला दान. काड्या परत पाठवायचा विचार आला, पण हात ऐकेनात. मी सीताफळाच्या फांद्यांवर त्या बांधल्या. महिन्याभरात दोन काड्यांना हिरवे डोळे फुटले. त्यांच्याकडं बघून मला किती बरं वाटलं ते लिहायची लाज वाटते.

त्याचा फोन आला, ‘‘जगल्या का?’’

‘‘न्हाई. समद्या वाळल्या.’’

का खोटं बोललो? कारण जगल्या म्हणालो असतो तर ती ‘त्याची जात’ झाली असती. मला ती निदान माझ्या कुंपणाच्या आत तरी माझी पाहिजे होती. ‘‘दुसऱ्या धाडतो की,’’ तो म्हणाला. मी नको म्हणालो.

यंदाच्या पावसाळ्यात कलमाला फळ लागलं. एकच. ह्या वेळी मी दोरा बांधला नाही, आणि दसऱ्याच्या आधी मंडईतून दोन डझन नारळ आणून कोठीत ठेवले. बायको म्हणाली, ‘‘देऊळ काढताय काय घरात?’’

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साडू आणि मेव्हणी आली, न कळवता. मी त्याला चहा, टीव्ही, वर्तमानपत्र यांत गुंतवून बघितलं. पण झाडांचा नाद लागलेला माणूस घरात बसतो का? पाचच मिनिटांत परड्यातून हाक आली.

‘‘आवं पावनं! मेल्या म्हणालावता न्हवं?’’

‘‘एक उशिरा फुटली,’’ मी म्हणालो. कान तापले होते.

त्याला राग आला नाही. त्याला आनंद झाला. फळाभोवती फिरून त्यानं मोबाईल काढला आणि विट्याच्या मित्रांना व्हिडिओ कॉलवर फळ दाखवायला लागला. ‘‘ह्ये बगा गड्यांनो! आपल्या जातीनं सातारा घेतला!’’

माझ्या परड्यात, माझ्या झाडावर, माझ्या हातानं बांधलेल्या कलमाचं, माझ्याच ब्रशातून जन्मलेलं फळ, आणि सातारा घेतला ह्यानं! मी घरात गेलो. बायकोचा शिवणाचा डबा उघडला, लाल दोरा तोडला. परत येऊन साडूच्या डोळ्यांदेखत ते फळ उतरवलं आणि देठाला दोरा बांधला.

दोघं उभ्याउभ्याच आलेले, लगेच निघायचं म्हणून आत मेव्हणी पाटावर बसली होती. बायकोनं हळदीकुंकू लावलं, तांदळाची ओंजळ घेतली, नारळाला हात घातला.

‘‘नारळ ऱ्हाऊ दे. ह्ये घाल,’’ मी म्हणालो.

‘‘दोन डझन आणून ठिवल्यात की!’’

‘‘घाल म्हणतो न्हवं.’’

फळ पदरात पडलं. मेव्हणीनं दोरा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. ती घाबरली होती आणि थोडी रागावलीही होती. साडू दारात उभा होता, मोबाईल हातातच.

‘‘दोरा कशापायी?’’

मेव्हणीनं फळ पदरात झाकलं. त्यानं पुन्हा विचारलं, ह्या वेळी थेट मेव्हणीला. समोरून विचारल्यावर ती खोटं बोलणार नव्हती, तसं तिनं मला सांगितलंच होतं.

‘‘मागंबी हुता,’’ ती खाली बघून म्हणाली. ‘‘नवरात्रात आक्कानं वटीत घातलं, त्या फळाला. तुमी आन् मी खाल्लं बगा. त्येच्या बिया मी डबीत ठिवल्यावत्या. तुमची कडंची पिशवी मोकळी हुती, त्यात मीच टाकल्या.’’

साडूनं दोऱ्याकडं बघितलं. मग परड्याकडं बघितलं, सीताफळाकडं, त्याच्या समोरच्या रामफळाकडं. माझ्याकडं राहायला आला होता ती सकाळ त्याला आठवत असणार. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नवं नव्हतं. दाढी करताना आरशात मी ते कितीतरी वर्षं बघत आलो होतो.

बायकोनं कुणालाच न जेवता जाऊ दिलं नाही. पुरणपोळीवर जीव टाकणारा माणूस, त्यानं दुसरी घेतली नाही. मी तीन खाल्ल्या. तिसरी खाताना मला खरोखर आनंद झाला होता. इतकी वर्षं मी जे गिळत आलो ते आता समोरच्या ताटात होतं, आणि ते बघून माझी भूक वाढली. बायको माझ्याकडं डोळे वटारून बघत होती. तिला सगळं कळलं होतं.

निघताना मेव्हणी गाडीत जाऊन बसली. साडू फाटकापाशी थांबला. त्यानं चप्पल पायात नीट सरकवली, उगाच दोनदा.

‘‘रामफळ व्हय?’’

‘‘व्हय.’’

‘‘मी समद्यास्नी हनुमानफळ म्हणून सांगितलं.’’ आता भांडेल, निदान घालूनपाडून बोलेल असं मला वाटलं. मी तयारच होतो, कितीतरी वर्षांची वाक्यं साठलेली होती. ‘‘विट्याला गेलो की सांगतो एकेकाला. आन् नाव तुमी ठिवा, पावनं. जल्म तुमच्या हातनं झालाय.’’

त्याला ते जड गेलं. तरी बोलला, आणि गाडीत बसून गेला.

मी फाटकात उभा राहिलो. पाहिजे ते सगळं मिळालं होतं. फळ माझं ठरलं होतं, तेही त्याच्याच तोंडून, आणि अख्ख्या विट्यात तो स्वतः ते सांगणार होता. पण त्याच्या जागी मी असतो तर हे वाक्य माझ्या तोंडून मेलो तरी निघालं नसतं, आणि त्याला ते फाटकापर्यंत पोचायच्या आत सुचलं. पोटात तोच जुना गोळा आला, आधीपेक्षा मोठा. तीन पुरणपोळ्या जड झाल्या त्या वेगळ्याच.

बायको आतून म्हणाली, ‘‘आता का तोंड पाडून उभं ऱ्हायलाय?’’

विट्याच्या त्या झाडाला यंदा भरपूर फळं आहेत असं कळतं. लोक नाव विचारतात, साडू त्यांना माझा नंबर देतो. फोन येतात. मी अजून नाव ठेवलेलं नाही.